ताईने लिहिलेला निबंध

९ जानेवारी

प्रिय पंत,

आणि वहिनी, तुम्हालाही नमस्कार, कारण हे पत्र आधी तुमच्याच डोळ्यांखालून जाणार. माझं अक्षर बरं आहे, त्रास होणार नाही. कंटाळा आला तर मधलं गाळा आणि फॉर्मचं तेवढं वाचून दाखवा.

फॉर्मचं असं. आमच्या केंद्राला पंचवीस वर्षं होतायत म्हणून मोठे सर अंध विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीचं एक वाचनपुस्तक काढतायत, ब्रेलमध्ये. पहिला धडा म्हणून तुझा 'माझं घर' हा निबंध घ्यायचं ठरलंय. शेवटच्या परीक्षेत तुला ज्याच्यावर बक्षीस मिळालं होतं तोच. खाली तुझं नाव येईल. पेन्सिलने फुली केलीय तिथे सही कर, वहिनी जागा दाखवतील. २० फेब्रुवारीच्या आत यायला हवं. परतीचा लिफाफा आत घातलाय, तिकीट लावून.

पुस्तक छापायला तुमच्याच छापखान्यात येणार आहे. ब्रेलचे छापखाने आहेत तरी किती! म्हणजे तपासायची मुद्रितं तुझ्याच टेबलावर येणार. कुणीतरी एकेक ओळ मोठ्याने वाचणार आणि तू बोटाने जुळवून बघणार. तुला आधी कळावं म्हणून सांगितलं.

बाकी ठीक. आईला जाऊन चार महिने झाले. तिची खोली आवरली. तुझं प्रशस्तिपत्रक भिंतीवरून काढलं तर मागे रंगाचा नवा कोरा चौकोन निघाला. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते, पण मनात काही आलं असं म्हणता येणार नाही. हल्ली येतच नाही. चहा गार झाला तरी पिऊन टाकते आणि मग कळतं की गार होता. डॉक्टर म्हणतात, होतं असं, जाईल.

आई गेली त्या दिवशी तू आलास, तासभर बसलास. निघताना शेजारच्या काकांचं कोपर धरून जिना उतरलास. मी दारातच उभी होते. असो.

वर्ग चालू आहे. सहा जण आहेत, सगळे मोठे, सगळे कुठे ना कुठे कामाला. चार ते सहा. थंडीत सहाच्या आत अंधार होतो आणि वर्गातला दिवा महिनाभर गेलेला आहे. तक्रार केली तर शिपाई म्हणाला, "अडचण कुणाला आहे?" खरंच, फक्त मलाच आहे.

सही तेवढी कर.

ताई


२४ जानेवारी

प्रिय पंत,

फॉर्म आला नाही. टपालात गहाळ झाला असेल म्हणून दुसरा पाठवतेय. वहिनी, पुन्हा तुम्हालाच तसदी.

आज वर्गात एक गोष्ट झाली. पुस्तकात घ्यायचाय म्हणून मी तुझा निबंध पुन्हा शिकवायला घेतला. पंधरा वर्षं शिकवतेय, पाठ आहे. मी इंग्रजीत म्हणते, ते मागून म्हणतात, मग अर्थ. माझी ताई माझे डोळे आहे. ती माझा हात धरून मला रस्त्यावरून नेते. तिच्या डोळ्यांनी मी निळं आकाश बघतो. तुला ठाऊकच आहे.

वर्गात एक टेलिफोनबाई आहेत. एका मोठ्या कचेरीत फोन जोडून द्यायचं काम करतात, जन्मापासून अंध. इंग्रजी त्यांना हवंय कारण साहेबांचे पाहुणे इंग्रजीत खेकसतात आणि त्यांना उलट खेकसायचंय. तर त्या मध्येच म्हणाल्या, "बाई, हे कुणी लिहिलंय?"

मी म्हटलं, एका विद्यार्थ्याने. अंध आहे.

"छे! आमच्यातल्या कुणी लिहिलेलं नाही हे."

"कशावरून?"

"अहो, हात धरून काय नेते? हात धरून नेतात ते बाजारात हरवू नये म्हणून पोराला. आम्ही कोपर धरतो. पुढचा वळला की कोपराला कळतं, पायरी आली की कळतं. हात धरून ओढायला लागलं की आम्ही तोंडावर पडतो. हे ज्याला दिसतं त्याने लिहिलंय."

वर्गातले मालिशवाले काका म्हणाले, "आणि निळं आकाश कुणाला पाहिजे? माझी बायको मला आकाश नाही दाखवत. ती सांगते, पुढे शेण आहे." सगळे हसले. मीही हसले बहुतेक.

मी म्हटलं, लहान मुलाचा निबंध आहे, चालायचंच. आणि पुढचं वाक्य घेतलं.

खरं म्हणजे त्या निबंधात मी थोडं नीटनेटकं केलं होतं, तुला आठवत असेल. तुझा लेखनिक तापाने आडवा पडला आणि ऐनवेळी मला बसवलं होतं. तू सांगत होतास, मी लिहीत होते. लिहिताना एखादी चूक दिसली तर हात आपोआप सुधारतो. तेवढंच.

वहिनी, थांबते. फॉर्मचं बघा.

ताई


१ फेब्रुवारी

पंत,

हे मी ठिपक्यांत लिहितेय. म्हणजे आता मध्ये कुणी नाही. वहिनींबद्दल माझी तक्रार नाही, पण दोन पत्रं मी त्यांच्यासाठीच लिहीत होते हे पाकीट चिकटवताना लक्षात आलं.

माझं टोचणं हळू आहे. शिकवते इंग्रजी, आणि ब्रेल वाचते डोळ्यांनी. मालिशवाले काका त्याला चोरी म्हणतात. पाटीवर उजवीकडून डावीकडे, उलटं लिहायचं, म्हणजे वाक्य सुचतं एका दिशेने आणि हात जातो दुसरीकडे. चुकलेला ठिपका नखाने दाबून बसवता येतो, पण तुझ्या बोटाला तो सापडणारच. तेव्हा दाबणार नाही.

'थोडं नीटनेटकं केलं' हे खोटं आहे.

तू पहिलं वाक्य सांगितलंस ते मी लिहिलं. आमच्या घरात दोन खोल्या आहेत. दुसरं लिहिलं. मग तू न्हाव्याचं सांगायला लागलास आणि माझा हात थांबला. त्यानंतर तुझा एकही शब्द मी लिहिला नाही. तू सांगत होतास आणि मी माझंच लिहीत होते. डोळे, आकाश, हात धरणं, सगळं माझं. ते टाळ्यांचं वाक्य, माझी ताई माझे डोळे आहे, तेही माझं. माझ्याबद्दल, मीच.

त्या दिवशी सकाळी मी तुझ्या शर्टाला बटण लावून आले होते. तुझा डबा मी भरला होता. बावीस वर्षांची होते, कॉलेजातून थेट तुझ्या शाळेत यायचं आणि तुला घेऊन घरी जायचं, सगळ्या मैत्रिणी भटकायला जायच्या तेव्हा. आणि तू परीक्षेत, परक्या माणसाला, माझी तक्रार सांगत होतास. तीही माझ्याच अक्षरात लिहायची. मला इतका राग आला होता की कानात आवाज येत होता. रागाचं मी कुणाला सांगितलं नाही. पुढे स्वतःला असं पटवलं की तुझे मार्क वाढावेत म्हणून केलं. मार्क वाढले, हेही खरं.

आई होती तोवर बोलता येत नव्हतं. ती मला आल्यागेल्याला तो निबंध वाचून दाखवायला लावायची, आणि तू घरी असलास की उठून गॅलरीत जायचास. आता आई नाही. आता मूग गिळून बसायला काही कारण उरलेलं नाही.

सही करू नकोस असं म्हणायला हवं. पण मोठ्या सरांना मी अजून काही सांगितलेलं नाही.

ताई


१२ फेब्रुवारी

पंत,

तुझा लिफाफा आला. आत दोन्ही फॉर्म, दोन्ही कोरे. चिठ्ठी नाही. लिफाफा उलटासुलटा करून बघितला, बोटं फिरवली, एखादा ठिपका असेल म्हणून. नव्हता.

आता पुढचं सांगते. ते वाचून तू कागद फाडलास तरी चालेल.

लिफाफा आला त्याच दिवशी मी कोरा फॉर्म घेऊन मोठ्या सरांकडे गेले. सांगायचं ठरवून गेले होते. ते कामात होते. म्हणाले, "बाई, किती दिवस लावताय! भाऊच ना तुमचा? करून टाका तुम्हीच सही. घरचाच मामला." आणि पेन पुढे केलं.

मी केली.

तुझी सही मीच शिकवली होती तुला, पुठ्ठ्याला खाच पाडून, त्यात पेन फिरवायला लावून. तुझ्यापेक्षा माझीच चांगली येते. एका झटक्यात केली, खालची रेघसुद्धा ओढली. सरांनी फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला. मी खाली वर्गात गेले आणि दोन तास 'खरखरीत' आणि 'गुळगुळीत' यांची इंग्रजी शिकवली. पिशवीतून खवणी काढली, साबण काढला, सगळ्यांच्या हातांतून फिरवला. काहीही वाटलं नाही मला. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. मला खरंच काही वाटलं नाही, आणि घरी येऊन कुलपाला किल्ली लावली तेव्हा एकदम लक्षात आलं की मी पुन्हा तेच केलं.

म्हणून आता राहिलेलं सांगते. तुला ते माहीत आहेच, पण मी सांगितलेलं नाही.

निबंध संपला तेव्हा तू म्हणालास, "ताई, वाचून दाखव." नियमच आहे तो, लेखनिकाने शेवटी वाचून दाखवायचं. मी कागद हातात घेतला. कागदावर आकाश होतं, डोळे होते. आणि मी तोंडाने तुझा निबंध म्हटला. तुझा, जसाच्या तसा, सगळ्या चुकांसकट, न्हाव्यासकट. तू सांगत असताना मी ऐकत होते ना सगळं. एक शब्द गाळला नाही. कागदाची बाजूसुद्धा योग्य ठिकाणी उलटली, आवाज यावा म्हणून. तू मान हलवलीस आणि म्हणालास, "बरोबर."

ते 'बरोबर' मी एकोणीस वर्षं ऐकतेय.

बक्षीस समारंभात तुझ्या शाळेतल्या बाईंनी निबंध वाचायला घेतला. तू स्टेजवर उभा होतास. दोन वाक्यांनंतर तुझा चेहरा माझ्याकडे वळला. पाचशे माणसं होती हॉलमध्ये, मी कुठे बसलेय ते तुला कुणी सांगितलं नव्हतं. तू बरोबर माझ्याकडे वळलास. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, आई शेजारी होती म्हणून. त्या दिवसानंतर तू मला एक ओळ वाचायला दिली नाहीस. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा तू दुकानदाराकडे जाऊन वाचून घ्यायचास.

मला वाटायचं, निबंध बदलला म्हणून तू रागावलास. परवा किल्ली लावताना कळलं. निबंध बदलला म्हणून नाही. तू तपासून घेतलं होतंस, आणि तरी मी फसवलं. तपासायचा तुझ्याकडे एकच रस्ता होता, तो म्हणजे मी.

उद्या सरांकडे जाते.

ताई


१९ फेब्रुवारी

पंत,

गेले. सांगितलं. खुर्चीवर न बसता सांगितलं, बसले असते तर पुन्हा उठून निघून आले असते.

मोठे सर आधी म्हणाले, "एवढ्या जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या? निबंध चांगला आहे." मी म्हटलं, "चांगला आहे, पण त्याचा नाही. आणि ही सहीही त्याची नाही." तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. फॉर्म त्यांनी माझ्या हातात दिला, मी तिथेच फाडला. धडा पुस्तकातून काढला. परीक्षेला लेखनिक नेमायचं काम माझ्याकडे होतं, तेही काढून घेतलं. वर्ग राहू दिलाय, दुसरं कुणी मिळत नाही म्हणून. त्यांचं काही चुकलं नाही. बक्षिसाचं तुझ्या शाळेला मी लिहू का, ते तू म्हणशील तसं. तुझ्या वतीने लिहिणार नाही.

मग वर्गात सांगितलं. हे जास्त जड गेलं. पाटीवर टोचणी आपटायचा चाळा असतो एकेकाला, तो थांबला. पंधरा वर्षांत किती जणांनी ते आकाश पाठ केलं असेल! काकांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता उठून जातील.

टेलिफोनबाई म्हणाल्या, "मग त्याने काय सांगितलं होतं?"

"कशाला?"

"कशाला काय! एक अख्खा महिना खोटा निबंध घोकला आम्ही. खरा द्या."

मग मी सांगितला. त्यांनी पाट्या काढल्या, कागद अडकवले. मी इंग्रजीत सांगत गेले, तुझ्या त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, आणि सहा टोचण्या चालू झाल्या. एकही चूक सुधारली नाही. इथे तुला मराठीत लिहिते. चुकलं तर तुलाच कळेल, दुसरं कुणी नव्हतं तिथे.

आमच्या घरात दोन खोल्या आहेत आणि एक गॅलरी आहे. नळ गळतो त्यावरून मला स्वयंपाकघर कळतं. न्हाव्याकडे गेलो की न्हावी माझ्या ताईला विचारतो, केस किती कापू. डोकं माझं आहे. ताई सांगते, बारीक. माझे शर्ट ताई आणते. मी विचारतो, रंग कोणता. ती म्हणते, छान. माझ्याकडे चार शर्ट आहेत आणि चारही छान रंगाचे आहेत. मी खोलीत आलो की बोलणं थांबतं आणि मग मोठ्याने सुरू होतं. माझ्या घरात सगळे माझ्याशी चांगले वागतात आणि मला कुणी काही विचारत नाही. ताई सगळ्यांत चांगली वागते. मला एकदा न्हाव्याकडे एकट्याला जायचंय. मी सांगेन, लांब ठेवा.

'छान'पाशी मी अडले. सगळे थांबले, टोचण्या वर धरून. घाई कुणी केली नाही, मी शेवटपर्यंत सांगितलं. मग काका म्हणाले, "हा आमच्यातला." आणि न्हाव्याच्या वाक्याला जे हसले ते अजून हसतायत. टेलिफोनबाई नाही हसल्या. त्या म्हणाल्या, "बाई, याने तक्रार कुठे केलीय? तुम्ही सगळ्यांत चांगल्या, असंच म्हणतोय की तो."

मी ते वाक्य एकोणीस वर्षं पाठ ठेवलंय आणि मला ते तक्रार म्हणूनच पाठ होतं.

घरी येऊन रडले. डॉक्टरांना सांगायला हवं.

तुझे शर्ट सांगते. परीक्षेला घातलेला पिवळा होता, हळदीसारखा, खिशावर शाईचा डाग. तो डाग माझ्याच पेनाचा. दुसरा राखाडी. तिसरा हिरव्या-पांढऱ्या चौकड्यांचा, तो तुला मोठा व्हायचा. चौथा तपकिरी, आणि तो मला अजिबात आवडायचा नाही, तरी मी 'छान' म्हणाले. आई गेली तेव्हा आलास त्या दिवशी तुझ्या अंगात निळा होता. तो कुणी आणला मला माहीत नाही. केस लांब ठेवलेस, ते दिसलं.

ताई


६ मार्च

पंत,

तुझा कागद आला. पाकीट उघडल्यावर आधी कोराच वाटला, मग तिरपा धरला. एक ओळ, दोन शब्द. मी डोळ्यांनी नाही वाचले. दिवा बंद केला आणि बोटाने वाचले, वेळ लागला.

वाचून दाखव.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने निघते. दुपारपर्यंत पोचेन. न्यायला ये म्हणत नाही, विचारत विचारत येईन. वहिनींना सांग, माझ्यासाठी काही करत बसू नका.

निबंध सोबत आणतेय. मी लिहिलेला नाही. टेलिफोनबाईंची प्रत सगळ्यांत स्वच्छ होती, ती मागून घेतली. "सांभाळून न्या, दुमडू नका," म्हणाल्या, म्हणून दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलीय.

छापखान्यात करतोस तसंच करू. कागद तुझ्यासमोर, बोट तुझं ओळीवर. मी म्हणत जाईन. जिथे जुळणार नाही तिथे मला थांबव.

ताई